हजर स्पर्धक आणि टपाली स्पर्धक
(पाइनवुड डर्बी या खेळातील समन्यायाचा एक अभ्यास)

प्रास्ताविक

स्पर्धा हे शिक्षणाचे एक प्रभावी साधन आहे, याविषयी दुमत नाही. परंतु हे साधन दुधारी आहे. नीट योजलेली स्पर्धा मुलाच्या अंगच्या गुणांना वाव देते. ढिसाळपणे योजलेली स्पर्धा त्याच मुलाच्या मनात ‘येथे न्याय मिळत नाही’ अशी अढी निर्माण करते, आणि लहान वयात बसलेली अढी सहसा सुटत नाही. स्पर्धेचे नियम सर्वांना सारखे असले की न्याय झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पुरेशी नाही. नियम एकच असूनही त्या नियमांचा लाभ घेण्याची संधी सर्वांना सारखी नसेल, तर विषमता तशीच राहते. किंबहुना नियमाच्या आड ती अधिक सुरक्षित होते.

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी अमेरिकेतील बालवीरांच्या एका खेळाचे उदाहरण पुढे घेतले आहे. त्या खेळात काही स्पर्धक आपली गाडी घेऊन स्वतः हजर राहतात, तर काही स्पर्धक आपली गाडी टपालाने पाठवितात व घरीच निकालाची वाट पाहतात. या दोघांना समान न्याय कसा द्यावयाचा, हा त्या खेळातील एक वास्तव प्रश्न आहे. तो सोडविताना जी तत्त्वे हाती येतात, ती प्राथमिक शाळेतील कोणत्याही स्पर्धेस उपयोगी पडण्याजोगी आहेत.

खेळाचा परिचय

या खेळाचे नाव ‘पाइनवुड डर्बी’ असे आहे. पाइन वृक्षाच्या मऊ लाकडापासून केलेल्या चिमुकल्या गाड्यांची ही शर्यत असते. कॅलिफोर्निया राज्यातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे गृहस्थ कब बालवीरांच्या एका तुकडीचे प्रमुख होते. त्या काळी उतारावरून घरगुती गाड्या पळविण्याची ‘सोप बॉक्स डर्बी’ नावाची शर्यत लोकप्रिय होती. या गाड्यांत मुले स्वतः बसत. मर्फी यांच्या मुलाचे वय त्या शर्यतीसाठी कमी पडत होते. तेव्हा लहानग्यांनाही भाग घेता येईल अशी, हातात मावणाऱ्या गाड्यांची शर्यत त्यांनी कल्पिली. मुलाने व वडिलांनी मिळून गाडी तयार करावी, हाताला कारागिरीची सवय लागावी, आणि जिंकण्याहरण्यातील खिलाडूवृत्ती अंगी बाणावी, हा त्यामागील हेतू होता. पहिली शर्यत १५ मे १९५३ रोजी झाली. १९५४ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘बॉइज लाइफ’ या बालवीरांच्या मासिकात तिची माहिती प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीत हा खेळ अमेरिकेत सर्वत्र पसरला. तेथील बालवीर संघटनेने २०१८ पासून कब तुकड्यांत मुलींनाही प्रवेश दिला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून संघटनेचे नाव ‘स्काउटिंग अमेरिका’ असे झाले. खेळ मात्र पूर्वीचाच आहे. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेच्या कब व बुलबुल पथकांशी परिचय असलेल्या शिक्षकांना या तुकड्यांची कल्पना सहज करता येईल.

स्पर्धकास एक पुडके मिळते. त्यात सुमारे ७ इंच लांबीचा लाकडी ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाके व आसांच्या ऐवजी चार खिळे असतात. ठोकळा करवतीने कापून व कानशीने घासून त्यास हवा तो आकार द्यावयाचा, रंग लावावयाचा, खिळ्यांवर चाके बसवावयाची, आणि शेवटी शिशाचे अथवा टंग्स्टनचे तुकडे बसवून वजन पुरे करावयाचे. प्रचलित नियमानुसार गाडीचे वजन ५ औंसांहून, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. गाडीस यंत्र नसते. उंचावरून सोडली की ती उतरणीवरून घरंगळत येते व पुढे सपाट भागावरून शेवटच्या रेषेपर्यंत धावते. मार्गावर तीन, चार किंवा अधिक पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यभागी एक उंच कडी असते व गाडीची चाके तिच्या दोन बाजूंना राहतात. शेवटच्या रेषेवर विद्युत् घड्याळ असते व ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजते.

अर्धा सेंटिमीटर

या शर्यतीत हारजीत किती सूक्ष्म फरकाने होते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. गाडी सुमारे १.२ मीटर उंचीवरून खाली येते असे धरू. तिच्या ठिकाणी असलेली स्थितिज ऊर्जा उतरणीवर गतिज ऊर्जेत रूपांतरित होते. घर्षण व हवेचा विरोध मुळीच नसता, तर तळाशी तिचा वेग सेकंदास सुमारे ४.८५ मीटर भरला असता. प्रत्यक्षात तो त्याहून कमी असतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी फार तर ५ मिलिमीटर, अर्थात अर्धा सेंटिमीटर अंतर कापते. सारी शर्यत अवघ्या तीन-एक सेकंदांत संपते, आणि पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांमध्ये पुष्कळदा काही हजारांश सेकंदांचेच अंतर असते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. जेथे एवढ्याशा अंतराने निकाल लागतो, तेथे एवढ्याशा अंतराची विषमताही निकाल फिरवू शकते. खिळा केसभर वाकला, चाकास धूळ लागली, वजन अर्ध्या ग्रॅमने उणे पडले, तरी त्याचा परिणाम घड्याळात उमटतो. म्हणून ‘थोडाफार फरक चालावयाचाच’ हे उत्तर या ठिकाणी पुरत नाही.

टपाली स्पर्धक कसे निर्माण झाले

मूळ खेळ एका गावच्या एका तुकडीपुरता होता. मुले, पालक व गाड्या एकाच दालनात जमत. पुढे या खेळाची गोडी लागलेल्या प्रौढांनी व कुटुंबांनी दूरदूरच्या राज्यांतील स्पर्धकांशी शर्यती सुरू केल्या. सर्वांनी एकत्र जमणे खर्चाचे असल्यामुळे, ज्याच्या घरी किंवा संस्थेत उत्तम धावमार्ग आहे अशा यजमानाकडे टपालाने गाड्या पाठवाव्यात, त्याने त्या पळवून निकाल जाहीर करावा, आणि गाड्या परत पाठवाव्यात, अशी पद्धत पडली. यजमानाच्या जवळपास राहणारे स्पर्धक मात्र स्वतः येऊ लागले. अशा रीतीने एकाच शर्यतीत दोन प्रकारचे स्पर्धक उत्पन्न झाले. पुढे २०२० व २०२१ साली महासाथीमुळे एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा अनेक तुकड्यांतील मुलांनी गाड्या प्रमुखाकडे आधी पोहोचत्या केल्या व घरी बसून पडद्यावर शर्यत पाहिली. त्या वेळी जवळजवळ सर्वच स्पर्धक ‘अनुपस्थित’ होते, आणि त्यामुळे विषमतेचा प्रश्न पुष्कळ अंशी आपोआप मिटला होता. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

विषमता कोठे उत्पन्न होते

वरवर पाहता दोघांसही नियम एकच, मार्ग एकच व घड्याळही एकच असते. तरीही पुढील पाच ठिकाणी टपाली स्पर्धक मागे पडतो.

१. वजन. घरचा काटा व स्पर्धेचा काटा यांत थोडा फरक असतोच. शिवाय लाकूड दमट हवेत ओलावा शोषून घेते व कोरड्या हवेत तो सोडते, त्यामुळे वजन किंचित बदलते. गाडी मर्यादेपेक्षा हलकी भरली, तर हजर स्पर्धक जागच्या जागी चिमूटभर भार वाढवितो. जड भरली, तर छिद्र पाडून भार कमी करतो. टपाली स्पर्धकाची गाडी हलकी भरल्यास तशीच पळते, व जड भरल्यास बाद होण्याची भीती असते. म्हणून तो आरंभापासूनच वजन जरा कमी ठेवतो. घर्षण व हवेचा विरोध यांच्यावर मात करण्यास जड गाडी अधिक समर्थ असते; तेव्हा ही सावधगिरी त्यास वेगाच्या रूपाने भोवते.

२. प्रवास. पेटी आपटते, तिच्यावर दुसऱ्या पेट्या रचल्या जातात. गाडी सरळ, अथवा कडीला हलकेच लागून धावावी यासाठी तिचा पुढचा आस अत्यंत जपून वळविलेला असतो. प्रवासात तो किंचित फिरला तरी गाडी कडीवर आदळत जाते. हजर स्पर्धक गाडी मांडीवर ठेवून आणतो.

३. वंगण. चाक व खिळा यांमध्ये बहुधा ग्रॅफाइटची बारीक पूड घालतात. शिसपेन्सिलीत जो पदार्थ असतो, तोच हा. ही पूड हलण्याने व धावण्याने झडते. हजर स्पर्धकास शर्यतीपूर्वी ती पुन्हा घालता येते. टपालाने आलेल्या गाडीतील पूड पेटीच्या तळाशी सांडलेली आढळते.

४. मार्गाची ओळख. प्रत्येक धावमार्गाचा काही स्वभाव असतो. एखादा सांधा उंच असतो, एखादा पट्टा मंद असतो. जो त्या मार्गावर सराव करू शकतो, तो त्यानुसार गाडी जुळवितो. दूरच्या स्पर्धकास केवळ अंदाज करावा लागतो.

५. प्रश्न विचारण्याची सोय. ही विषमता सर्वांत सूक्ष्म व सर्वांत मोठी होय. गाडी रुळावर तिरपी ठेवली गेली, घड्याळाने एक फेरी मोजलीच नाही, चाकात दोरा अडकला, अशा प्रसंगी हजर स्पर्धक हात वर करून विचारतो, आणि पंच पुन्हा पाहतात. अनुपस्थिताच्या वतीने हात वर करणारा कोणी नसतो.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कित्येक यजमान दूरच्या स्पर्धकाविषयीच्या सहानुभूतीने त्याच्या गाडीची स्वतः डागडुजी करतात. यजमान बहुधा या कलेतील मुरलेला जाणकार असतो. त्याच्या हाताने जुळविलेली गाडी मूळच्यापेक्षाही सरस धावू लागते, आणि मग दालनात हजर असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची स्पर्धा दुसऱ्या मुलाशी न राहता त्या जाणकाराशी होते. दयेपोटी झालेला असा पक्षपातही पक्षपातच होय.

कसब, योगायोग आणि हजेरी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का केला पाहिजे. गाडीच्या वेगावर परिणाम करणाऱ्या साऱ्या कारणांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कसबाचा: आकार, वजनाची मांडणी, खिळ्यांची घासाई, चाकांची जुळणी. दुसरा वर्ग योगायोगाचा: कोणता पट्टा वाट्यास आला, कोणत्या फेरीत धूळ आली. तिसरा वर्ग हजेरीचा: स्पर्धक त्या दिवशी त्या जागी होता की नव्हता.

कसबाचा फरक निकालात दिसलाच पाहिजे. तो पुसून टाकणे हा चांगल्या कारागिरावर अन्याय होईल. योगायोगाचा फरक फेऱ्या वाढवून व पट्टे बदलून सर्वांवर सारखा वाटला पाहिजे. आणि हजेरीचा फरक निकालात मुळीच उतरता कामा नये. या तीन वाक्यांत स्पर्धेच्या न्यायाचे सार आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. जो प्रवास करून, वेळ व पैसा वेचून शर्यतीस आला, त्याच्या कष्टांचे काहीच मोल नाही काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. येणाऱ्यास त्याच्या कष्टांचे फळ मिळतेच: शर्यत डोळ्यांनी पाहण्याचा आनंद, इतरांच्या गाड्यांपासून मिळणारे शिक्षण, नवे स्नेही. परंतु ही शर्यत प्रवासाची नाही, गाडीची आहे. शिवाय कोण यजमानाच्या गावी राहतो व कोण हजार मैलांवर, हे पुष्कळदा स्पर्धकाच्या निवडीने ठरत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर ते कधीच ठरत नाही. बापाची नोकरी कोठे आहे, घरी गाडीभाड्यास पैसे आहेत की नाहीत, यांवर मुलाच्या कारागिरीची प्रत ठरवावयाची नसते.

पट्ट्यांचे गणित

योगायोगाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चार पट्ट्यांच्या मार्गावर हजर स्पर्धकाच्या गाडीस पहिल्या पट्ट्यापासून चौथ्यापर्यंत अनुक्रमे ३.०५२, ३.०६०, ३.०४९ व ३.०५५ सेकंद लागले. टपाली स्पर्धकाच्या गाडीस त्याच पट्ट्यांवर ३.०५६, ३.०६१, ३.०५० व ३.०५७ सेकंद लागले. पहिलीची सरासरी ३.०५४ व दुसरीची ३.०५६ येते. म्हणजे पहिली गाडी सरासरीने दोन हजारांश सेकंद पुढे, रेषेवर सुमारे एक सेंटिमीटर पुढे आहे.

आता असे समजा की शर्यत एकाच फेरीची ठेवली. पहिली गाडी तिसऱ्या व दुसरी गाडी दुसऱ्या पट्ट्यावर धावली असती, तर पहिली बारा हजारांश सेकंदांनी जिंकली असती. पट्टे उलट झाले असते, तर दुसरी गाडी दहा हजारांश सेकंदांनी जिंकली असती. गाड्या त्याच, मार्ग तोच. परंतु निकाल पट्ट्याने ठरविला असता. यास्तव प्रत्येक गाडी प्रत्येक पट्ट्यावर सारख्या वेळा धावावी व सर्व वेळांची सरासरी घ्यावी, हा नियम अनिवार्य ठरतो.

परंतु येथेच थांबता येत नाही. उरलेले दोन हजारांश सेकंद कसबाचे की हजेरीचे? पहिल्या गाडीत शर्यतीपूर्वी ताजी पूड घातली असेल व दुसरीतील पूड वाटेत सांडली असेल, तर हा एक सेंटिमीटर कोणाच्या कसबाचा म्हणावयाचा? सरासरी काढून हा दोष जात नाही, कारण तो चारही फेऱ्यांत सारखाच गाडीबरोबर राहतो. योगायोग सरासरीने विरतो. विषमता सरासरीने विरत नाही. शिक्षकांनी हा भेद विशेष ध्यानी घ्यावा, कारण गुणांची सरासरी काढून निकाल लावणाऱ्या सर्वच परीक्षांना तो लागू आहे.

उपाययोजना

हजेरीची विषमता घालविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अनुपस्थितास उपस्थिताइतकी संधी द्यावी. दोन, जी संधी अनुपस्थितास देता येणे शक्यच नाही, ती उपस्थितासही देऊ नये. सुज्ञ यजमान दोन्ही मार्गांचा मेळ घालतो. पुढील नियम या दृष्टीने उपयुक्त आहेत.

(अ) सर्व गाड्या एकाच मुदतीत जमा व्हाव्यात. शेजारी राहणाऱ्यानेही आपली गाडी टपालाच्या शेवटच्या दिवशीच आणून द्यावी, आणि त्यानंतर शर्यत संपेपर्यंत तिला हात लावू नये. महासाथीच्या काळात जे नाइलाजाने झाले, ते येथे विचारपूर्वक करावयाचे.

(आ) वजनाविषयी दोघांसही एकच सवलत असावी. टपाली स्पर्धकाने गाडी किंचित हलकी ठेवून, लांबीसारखा मऊ असा टंग्स्टनयुक्त लगदा सोबत द्यावा व तो कोठे लावावयाचा त्या जागेवर खूण करावी. यजमानाने वजन पुरे करून तो तेवढाच लावावा. हे करावयाचे नसल्यास, हजर स्पर्धकासही काट्यापाशी वजन वाढविण्याची मुभा ठेवू नये.

(इ) वंगण एक तर सर्व गाड्यांना त्याच हाताने व त्याच प्रमाणात घालावे, अथवा जमा केल्यानंतर कोणासही घालू देऊ नये.

(ई) दुरुस्तीची सीमा आधी लिहून ठेवावी. प्रवासात निखळलेले चाक परत बसवावे, सुटलेला भार चिकटवावा. पण जुळणी सुधारू नये. ‘पूर्ववत् करावे, सरस करू नये’ हे त्याचे सूत्र. पेटी उघडताच गाडीचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढे वाद राहत नाही. पेटीत गाडी नीट बांधणे ही मात्र पाठविणाऱ्याची जबाबदारी आहे. निष्काळजीपणे गुंडाळलेल्या गाडीची भरपाई इतरांनी करावयाची नसते. चांगली बांधणी हाही कसबाचाच भाग होय.

(उ) सर्व गाड्या एकाच तटस्थ व्यक्तीने रुळावर ठेवाव्यात. हजर मालकाने आपली गाडी स्वतः ठेवावयाची व अनुपस्थिताची गाडी परक्याने ठेवावयाची, ही पद्धत सदोष आहे.

(ऊ) सरावाच्या फेऱ्या सर्वांना सारख्याच, नसल्यास कोणासही नाहीत.

(ए) अनुपस्थितांचा एक प्रतिनिधी नेमावा. त्याचे काम एवढेच, की प्रत्येक टपाली गाडीकडे तो तिच्या मालकाच्या नजरेने पाहील व शंका आल्यास हात वर करील. त्याची स्वतःची गाडी शर्यतीत नसावी.

(ऐ) निकालासोबत प्रत्येक फेरीची वेळ, स्पर्धेच्या काट्यावरील वजन व केलेली दुरुस्ती यांची चिठ्ठी पेटीत परत पाठवावी.

याखेरीज यजमानाच्या स्वतःच्या गाडीचा प्रश्न उरतो. मार्ग त्याच्या घरी असल्यामुळे तो वर्षभर त्यावर सराव करू शकतो. त्याने कितीही प्रामाणिकपणे भाग घेतला, तरी ही संधी इतर कोणास देता येत नाही. म्हणून यजमानाने आपली गाडी पळवावी, परंतु क्रमांकासाठी तिची गणना करू नये, हाच शोभादायक मार्ग होय. ज्याच्या हाती तराजू आहे, त्याने आपला माल त्यात तोलू नये.

परत आलेली पेटी

या साऱ्या नियमांचे अंतिम प्रयोजन काय, हे समजण्यासाठी स्पर्धेनंतरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक मुलगा दूरच्या गावी पेटी उघडतो. गाडी आत आहे, पण क्रमांक नाही. ‘माझे काय चुकले?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. चिठ्ठीत चार वेळा, वजन व शेरा लिहिलेला असेल, तर त्यास उत्तर मिळते. वजन पाव औंस कमी भरले, अथवा दुसऱ्या पट्ट्यावर चाक घासले, हे त्यास कळते, आणि तो पुढच्या वर्षासाठी करवत हाती घेतो. चिठ्ठी नसेल, तर तो स्वतःच एक उत्तर तयार करतो: ‘मी तेथे नव्हतो, म्हणून हरलो.’ कदाचित हे उत्तर खोटे असेल. परंतु ते खोटे आहे हे त्यास पटवून देण्याचे कोणतेही साधन यजमानाजवळ राहत नाही. हरण्याने मूल खचत नाही. हरण्याचे कारण न कळल्याने ते खचते, आणि पुढच्या वर्षी त्याची गाडी येत नाही.

आपल्या शाळांतील उपयोजन

पाइनवुड डर्बी आपल्या खेड्यांतील शाळांत होत नाही, आणि ती येथे आणावी असे सुचविण्याचा हेतूही नाही. परंतु हजर व अनुपस्थित यांच्यातील प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात वाडीवस्तीवरील शाळेचे उपकरण एस.टी.च्या टपावरून किंवा कोणाच्या तरी हाती पोहोचते. यजमान शाळेचे उपकरण आदल्या संध्याकाळी जागच्या जागी जुळविलेले असते, व ते समजावून देणारा विद्यार्थीही शेजारी उभा असतो. वाटेत एक तार निसटली, तर दूरच्या शाळेच्या मुलांचे महिन्याभराचे श्रम परीक्षकांच्या दृष्टीस बंद पडलेले दिसतात. वर दिलेले नियम, विशेषतः (अ), (ई) व (ए), येथे थोड्या फेरफाराने लागू करता येतील.

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात पुढील पाठ घ्यावा. मुलांनी जोंधळ्याच्या ताटांच्या व बाभळीच्या काट्यांच्या, अथवा काडेपेटी व बाटलीच्या बुचांच्या गाड्या करून आणाव्यात. एक फळी विटांवर तिरपी ठेवावी. अर्ध्या मुलांनी गाड्या आदल्या दिवशी शिक्षकांकडे द्याव्यात. उरलेल्यांनी त्या स्वतः आणून, हव्या तितक्या वेळा जुळवून सोडाव्यात. गाडी किती लांब गेली ते पट्टीने मोजून फळ्यावर लिहावे. दुसऱ्या दिवशी गट उलटे करावेत व पुन्हा मोजावे. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी मांडून कोणाचा आकडा कशामुळे बदलला, हे मुलांनीच सांगावे. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये. शेवटी सर्वांना मान्य होतील असे पाच नियम मुलांकडून लिहवून घ्यावेत व तिसऱ्या दिवशी त्या नियमांनुसार शर्यत घ्यावी. मोजमाप, सरासरी, घर्षण व नागरिकशास्त्र ही सारी या एका पाठात येऊन जातात.

समारोप

न्याय म्हणजे सर्वांना एकाच रांगेत उभे करणे नव्हे. रांगेत येण्यापूर्वी कोणाच्या वाट्यास काय आले, हेही पाहणे होय. जो समोर आहे त्याच्याशी न्यायाने वागणे तुलनेने सोपे असते, कारण तो आपली बाजू स्वतः मांडतो. जो समोर नाही त्याची बाजू आपण होऊन ध्यानी घेणे यात आयोजकाची, पंचाची व शिक्षकाची कसोटी लागते. वर्गातही काही मुले हजर असून अनुपस्थित असतात. त्यांचा हात कधी वर येत नाही. त्यांच्या वतीने हात वर करणारा कोणी असावा, आणि तो बहुधा शिक्षकच असावा लागतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. कसब, योगायोग व हजेरी या तीन वर्गांची प्रत्येकी दोन उदाहरणे आपल्या शाळेतील एखाद्या स्पर्धेतून द्या.
२. ‘योगायोग सरासरीने विरतो, विषमता सरासरीने विरत नाही’ हे विधान पट्ट्यांच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. टपालाने आलेल्या गाडीचा आस वाकलेला आढळला. यजमानाने तो सरळ करावा काय? दोन्ही बाजूंची कारणे द्या.
४. आपल्या केंद्रातील प्रदर्शनासाठी दूरच्या शाळांच्या दृष्टीने चार नियम तयार करा.